चित्ररथाचें सारथ्य

मासिकांच्या टीकाविभागांत काव्य, नाटक, कादंबरी, आणि फार झालें तर चित्र व संगीत, एवढ्यांचाच परामर्श घेण्याचा परिपाठ आहे. तेथें संगणकाच्या पडद्यावर चालविल्या जाणाऱ्या मोटारशर्यतींची चर्चा आम्हीं आरंभिलेली पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, यांत शंका नाहीं. परंतु ज्या खेळासाठीं बुद्धिमान तरुण आपल्या रात्री खर्ची घालतात, ज्याची स्वतंत्र परिभाषा तयार झाली आहे, ज्यांत गुरु आहेत, शिष्य आहेत, संप्रदाय आहेत आणि त्या संप्रदायांचे आपसांत वादही आहेत, तो खेळ ‘पोरकटपणा’ या एका शब्दानें निकालांत काढणें हें टीकाकाराचें काम नव्हे. वस्तु काय आहे, तिचें सामर्थ्य कशांत आहे आणि तिची मर्यादा कोठें आहे, हें शांतपणें पाहणें हें त्याचें काम. तेंच येथें यथामति करण्याचें योजिलें आहे.

या खेळास आतां मराठींतही ‘सिम रेसिंग’ असेंच म्हणतात. त्याचें साहित्य थोडकें आहे. टेबलास घट्ट बसविलेलें एक स्टिअरिंग चाक, पायांशीं दोन-तीन पेडलें, समोर पडदा, आणि या सर्वांच्या मागें गणित. गणित हाच येथील प्राण होय. टायर रस्त्यास किती धरतो, ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढच्या चाकांवर कसा येतो, टायर तापल्यावर त्याची पकड कशी पालटते, हें सर्व क्षणोक्षणीं मोजलें जातें, आणि चाकाशीं जोडलेली मोटर तें खेळाडूच्या हातांस कळविते. म्हणजे येथें नियम प्रधान आणि चित्र गौण आहे. ज्या खेळांत देखावे मोहक आहेत पण गाडी मन मानेल तशी वळते, त्यास या संप्रदायाचे लोक आपल्या पंक्तीस बसवीत नाहींत. आणि आमच्या मतें त्यांचें तें करणें योग्यच आहे.

या विद्येची खरी परीक्षा नगराच्या रस्त्यांवर आखलेल्या शर्यतपथावर होते. मुद्दाम बांधलेल्या पथावर चालकाची चूक झाली तर रस्त्याच्या कडेला गवत असतें, वाळू असते, नाहींतर डांबराचें मोकळें पटांगण असतें. चूक महाग पडते, पण बहुधा माफ होते. नगरांतल्या रस्त्याचें तसें नाहीं. तेथें रस्ता संपतो तेथेंच भिंत उभी राहते. अशा पथांचा मुकुटमणि म्हणजे मोनॅको. अँतोनी नोगेस यांच्या खटपटीनें १९२९ सालीं तेथें पहिली शर्यत झाली, आणि विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनीं बुगाटी गाडींतून ती जिंकली. आजच्या पथाची लांबी ३.३३७ किलोमीटर आहे, वळणें १९ आहेत, आणि शर्यत ७८ फेऱ्यांची असते. फॉर्म्युला वनच्या इतर शर्यतींस निदान ३०५ किलोमीटरांचें अंतर लागतें. एकट्या मोनॅकोस २६० किलोमीटरांवर सूट मिळाली आहे, कारण येथील सरासरी वेगच मंद आहे. आणि तरीही चालकांच्या कौशल्याची कसोटी म्हणून या मंद पथाचेंच नांव प्रथम घेतलें जातें. हा विरोधाभास लक्षांत घेण्यासारखा आहे.

एका फेरीचें स्वरूप पाहूं. सेंत देव्होतच्या उजव्या वळणावरून रस्ता एकदम चढणीस लागतो आणि कॅसिनोच्या चौकांत येतो. तेथून उतरतांना एक उंचवटा लागतो. तो टाळण्यासाठीं गाडी किंचित् बाजूस घ्यावी लागते, आणि हें सर्व पुढच्या मिराबो वळणासाठीं ब्रेक दाबण्याच्या ऐन वेळीं. मग हॉटेलापाशीं आंकड्यासारखें वळण येतें. फॉर्म्युला वनच्या साऱ्या पथांतलें हें सर्वांत मंद वळण. येथें वेग ताशीं पन्नास किलोमीटरांच्या आसपास येतो, आणि चाक एवढें फिरवावें लागतें कीं खऱ्या गाड्यांच्या स्टिअरिंगची रचनाच या एका वळणासाठीं बदलून घेतात. पुढें पोर्तिए, नंतर उजवीकडे वाकणारा बोगदा, त्यांतल्या अंधारांतून एकदम बंदराचा उजेड, उतारावर कडक ब्रेक, तबाकचें वळण, पोहण्याच्या तलावाभोंवतालची वांकडीतिकडी वाट, रास्कास, आणि पुन्हां आरंभ. श्वास सोडावा अशी जागा जवळजवळ नाहींच.

आतां या पथावर वेग कसा साधतो? नवशिका समजतो कीं ब्रेक जितका उशिरा दाबावा तितका वेळ वांचतो. घड्याळ त्यास निराळेंच सांगतें. उशिरा दाबलेल्या ब्रेकनें वळणाच्या तोंडाशीं सेकंदाचा दहावा अंश मिळतो. पण गाडी वळणाच्या पोटांत रेंगाळते, तोंड सरळ होण्यास उशीर लागतो, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर त्याच्या तिप्पट वेळ जातो. ‘मंद प्रवेश, त्वरित निर्गम’ हें या विद्येचें जुनें सूत्र आहे, आणि त्यांतही सर्व वळणें सारखीं नाहींत. पोर्तिएपुढें बोगदा आहे आणि सेंत देव्होतपुढें चढण आहे, म्हणून या दोन वळणांतून निघतांना मिळालेला वेग पुढें लांबवर कामास येतो. हॉटेलाच्या वळणांत मात्र गाडीचें तोंड फिरलें म्हणजे पुष्कळ झालें. जो कोठें खर्चावें व कोठें राखावें हें जाणतो, तोच येथें श्रीमंत होतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. उत्तम चालक पहिल्याच फेरींत भिंतीस लगट करीत नाहीं. तो प्रथम हातभर अंतर ठेवून जातो. कोणत्या खांबापाशीं, कोणत्या पाटीपाशीं, रस्त्यावरच्या कोणत्या पांढऱ्या पट्ट्यापाशीं ब्रेक दाबावयाचा याच्या खुणा मनांत पक्क्या करतो. ब्रेक सरळ रेषेंत जोरानें दाबून, चाक वळूं लागतांच तो हळूहळू सैल करण्याची संवय पायास लावतो. आणि मग दर फेरीस बोटबोट पुढें सरकतो. निर्गमाकडची भिंत त्यानें सर्वांत शेवटीं जवळ करावयाची, कारण तेथें होणारी चूक दुरुस्त करण्यास रस्ताच उरलेला नसतो. गाडीची जुळवणीही याच धोरणाची: खांचखळगे सोसावेत म्हणून स्प्रिंगा नरम, बूड किंचित् उंच, आणि वाऱ्याचा दाब मिळवून देणारे पंख मोठे. एक अचाट फेरी मारणारा येथें खरा वेगवान नव्हे. लागोपाठ दहा फेऱ्या सेकंदाच्या दोन-तीन दशांशांच्या आंत मारणारा तोच वेगवान.

हें सर्व वाचून काव्याच्या अभ्यासकास वृत्तांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. एकोणीस अक्षरांच्या शार्दूलविक्रीडितांत लघुगुरूंच्या जागा ठरलेल्या आहेत, बाराव्या अक्षरावर यति ठरलेली आहे, आणि होतकरू कवीस हीं सगळीं बंधनें आपल्या प्रतिभेच्या वाटेंत उभारलेल्या भिंतीच वाटतात. सिद्ध कवीस मात्र तींच बंधनें वाट दाखवितात. मोनॅकोच्या एकोणीस वळणांचें असेंच आहे. भिंत काढून टाका, म्हणजे वेग वाढेल. पण त्या वेगांतलें कौशल्य मात्र ओळखूं येणार नाहीं. मोकळ्या मैदानांत चुकलेल्या रेषेस कोणी चूक म्हणत नाहीं.

संयम सुटला म्हणजे काय होतें याचें खऱ्या शर्यतींतलें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८८ सालीं मोनॅकोच्या पात्रताफेरींत आयर्टन सेन्ना यांनीं आपले सहकारी ॲलन प्रॉस्ट यांच्यापेक्षां १.४२७ सेकंद कमी वेळ घेतला. दोघांच्या गाड्या एकाच संघाच्या, एकाच घडणीच्या. त्या वेळीं आपण जाणीवपूर्वक गाडी चालवीत नव्हतों, आणि तें ध्यानांत येतांच भय वाटून आपण परतलों, असें सेन्ना यांनीं पुढें सांगितलें. नंतर प्रत्यक्ष शर्यतींत ते सुमारें पन्नास सेकंदांनीं पुढें होते. आतां धोका नको म्हणून वेग कमी केल्यावर पोर्तिएपाशीं त्यांची गाडी कठड्यावर आदळली, आणि शर्यत प्रॉस्ट यांनीं जिंकली. तंद्री जुळविणें जितकें अवघड, तितकेंच ती अर्धवट सोडणें घातक. पडद्यापुढें बसणाऱ्या खेळाडूसही हा अनुभव नित्याचा आहे. त्याची गाडी बहुधा अवघड फेरींत आदळत नाहीं, अवघड फेरीनंतरच्या सोप्या फेरींत आदळते.

येथवर कौशल्याचा विचार झाला. आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पडद्यावरची ही शर्यत खरी कीं खोटी? आमच्या साहित्यशास्त्रांत या प्रश्नाचें एक नामी उत्तर पूर्वींच दिलेलें आहे. श्रीशंकुकाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. पण अभिनवगुप्तानें त्याचें मत नोंदून ठेविलें आहे. चित्रांतला घोडा पाहून आपणांस जो ‘हा घोडा’ असा बोध होतो, तो यथार्थ ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे कीं नुसता सादृश्याचा बोधही नव्हे. तो या चोहोंपासून वेगळा आहे. नटास पाहून ‘हा राम’ असें वाटतें तेंही याच न्यायानें. सिम रेसिंगची मोटार हा असाच चित्रतुरग आहे. बसणाऱ्यास ती खरी वाटत नाहीं, कारण खुर्ची जागची हलत नाहीं. खोटीही वाटत नाहीं, कारण तसें असतें तर त्याच्या तळहातांस घाम कां फुटावा?

परंतु शंकुकाचा दृष्टांत येथें पुरा पडत नाहीं. चित्रांतल्या घोड्यावर कोणी बसूं शकत नाहीं. या घोड्यावर बसतां येतें, आणि पडतांही येतें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ हरणामागें धांवतो. दूरवर बारीक दिसणारी वस्तु रथाच्या वेगामुळें एकाएकीं मोठी कशी होते याचें कालिदासानें तेथें मोठें मार्मिक वर्णन केलें आहे. रंगभूमीवर रथ कोठला? नट तो वेग अभिनयानें दाखवी. त्याच्या हातांत लगाम नसे, आणि त्याचा अभिनय कितीही चांगला झाला तरी हरीण एक पाऊलही जवळ येत नसे. सिम रेसिंगमध्यें गाडी खोटी, रस्ता खोटा, भिंत खोटी. पण सारथ्य मात्र खरें. चाक फिरविण्यास चुकलेला हात खरोखरच चुकलेला असतो, आणि फेरीस लागलेला वेळ खरोखरच लागलेला असतो. म्हणून या खेळास निव्वळ अनुकरण म्हणतां येत नाहीं. अनुकरण वस्तूंचें आहे, क्रियेचें नाहीं.

शंकुकाचा दुसरा सिद्धांत मात्र येथें अक्षरशः लागू पडतो. त्याच्या मतें नटाच्या ठायीं नसलेला भाव प्रेक्षक खुणांवरून अनुमानानें जाणतो. खऱ्या गाडीचें मागचें चाक निसटूं लागलें तर चालकास तें सर्वांगास जाणवतें. शरीर एका बाजूस फेंकलें जातें. पडद्यापुढें बसलेल्यास हें ज्ञान मिळत नाहीं. त्यास चाकांत किंचित् हलकेपणा आला, टायरांचा आवाज बदलला, क्षितिज केसभर कललें, एवढ्या खुणांवरून गाडी निसटते आहे असें अनुमान करावें लागतें, आणि तेंही इतक्या त्वरेनें कीं हात आधीं वळावा आणि विचार मागून यावा. म्हणूनच पडद्याची रुंदी व डोळ्यांचें अंतर यांच्या हिशेबानें दृष्टीचा कोन बरोबर लावून घेण्यावर जाणते लोक एवढा भर देतात. कोन फार मोठा ठेवला तर वेग आहे त्याहून अधिक भासतो, भिंती दूर गेल्यासारख्या वाटतात, आणि सगळीं अनुमानें फसतात.

आतां या खेळावरील सर्वांत गंभीर आक्षेप. जेथें प्राणाची भीति नाहीं, तेथें शर्यत कसली? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ७ मे १९६७ रोजीं मोनॅकोच्या शर्यतींत लोरेंझो बांदिनी दुसऱ्या क्रमांकावर होते. शंभरांपैकीं ब्याऐंशीव्या फेरींत बंदराकांठच्या वळणावर त्यांची फेरारी आदळून उलटली. कडेला गवताचे भारे रचलेले होते, आणि आग भडकली. तीन दिवसांनीं त्यांचा अंत झाला. पुढच्या वर्षीं शर्यत ऐंशीं फेऱ्यांवर आणली गेली, आणि कालांतरानें गवताच्या भाऱ्यांवर बंदी आली. आतां योगायोग असा, कीं सिम रेसिंगच्या इतिहासांत ज्या कृतीस अभिजात म्हणावें, ती पॅपिरस या अमेरिकन मंडळीची १९९८ सालची ‘ग्रां प्री लेजंड्स’ ही कृति नेमकी १९६७ च्याच हंगामाचें चित्रण करते. तींत मोनॅको आहे, आणि बंदराकांठचें तें वळणही आहे. एक मनुष्य जेथें जळाला तेथून दुसऱ्यानें घरीं चहा घेत घेत शंभर वेळां जावें, हें औचित्यास धरून आहे काय?

आमचें उत्तर असें आहे. त्या कृतीनें १९६७ सालची गाडी सुलभ करून दाखविली असती, तर तो बांदिनींचा अपमान झाला असता. तिनें तसें केलेलें नाहीं. त्या गाड्यांस पंख नव्हते, टायर अरुंद होते, इंजिनें तीन लिटरांचीं होतीं. आणि या खेळांत पेडल अंगुळभर जास्त दाबलें तर मागचीं चाकें फिरतात व गाडी भिंतीवर जाते. कित्येक नवशिक्यांस एक फेरीही धड पुरी करतां येत नाहीं. हा कठोरपणाच त्या कृतीचा आदर आहे. तीवर घाम गाळणाऱ्यास, शंभर फेऱ्या एकाग्रतेनें काढणें म्हणजे काय, आणि ब्याऐंशीव्या फेरीस मनुष्य किती थकलेला असेल, हें कोणत्याही चरित्रग्रंथापेक्षां अधिक कळतें. मात्र त्यास शौर्य कळलें असें त्यानें म्हणूं नये. रसाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथला स्थायी भाव भय नव्हे. तो उत्साह आहे, आणि त्याच्या अंगानें शंका, आवेग, धृति, व चुकल्यावर व्रीडा हे संचारी येतात. हा वीररसच, पण ज्यांत प्रतिपक्षी आपलीच कालची फेरी आहे असा. जीव पणास लावणाऱ्याचा वीररस याहून वेगळा, आणि दोहोंची गल्लत करणें हें दोहोंवर अन्याय करणें होय.

यावरून या जातीच्या कृतींस लावण्याची कसोटीही हातीं येते. प्राणाचा पण नसेल तर नसो. पण दुसरा कांहीं पण असलाच पाहिजे. चुकीस किंमत नसेल तर कौशल्यासही किंमत राहत नाहीं. या दृष्टीनें पाहतां, कोडमास्टर्स या इंग्लिश संस्थेच्या २०१० पासूनच्या फॉर्म्युला वन मालिकेंतली ‘फ्लॅशबॅक’ची सोय आम्हांस सदोष वाटते. गाडी भिंतीवर आदळली कीं एक कळ दाबावी, काळ कांहीं सेकंद मागें न्यावा, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटानें पुढें जावें! ही सोय बंद ठेवतां येते, आणि एखादें वळण घोटून घेण्यास नवशिक्याला तिचा उपयोग होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. मोनॅकोचा देखावाही या मालिकेंत अप्रतिम आहे. पण ऐन शर्यतींत हा मोह हाताशीं असला म्हणजे भिंत ही भिंत राहत नाहीं. ती नुसती रंगविलेली कनात होते. उलट २००८ सालीं खुल्या झालेल्या ‘आयरेसिंग’मध्यें काळ मागें नेतां येत नाहीं, प्रत्येक धडकेची नोंद होते, आणि नोंदी सांचल्या कीं खेळाडूचा परवाना खालच्या पायरीवर जातो. शरीरास इजा नाहीं, पण नांवास आहे. समाजांत राहणाऱ्या माणसास ही किंमत लहान नाहीं.

याच ‘आयरेसिंग’नें अनुकरणाच्या सिद्धांतापुढें एक नवें कोडें टाकलें आहे. शिकागो नगराच्या रस्त्यांवरून जाणारा एक शर्यतपथ या मंडळीनें संगणकांत रचला, आणि जून २०२१ मध्यें त्यावर नॅस्कारच्या चालकांची पडद्यावरची शर्यत झाली. त्या वेळीं खऱ्या शिकागोंत असा पथ नव्हता. पुढें २ जुलै २०२३ रोजीं तेथें खरी शर्यत झाली, आणि न्यूझीलंडचे शेन व्हॅन गिसबर्गेन यांनीं नॅस्कारच्या वरिष्ठ मालिकेंतली आपली ही पहिलीच शर्यत पावसानें ओल्या झालेल्या रस्त्यांवर जिंकली. २०२४ व २०२५ सालींही शर्यत तेथें झाली. प्लेटोनें अनुकरणास कमी लेखलें तें या कारणानें, कीं तें मूळ वस्तूच्या मागून येतें. येथें चित्र आधीं आणि वस्तु मागून! २०२० सालीं साथीमुळें मोनॅकोची खरी शर्यत रद्द झाली, १९५४ नंतर प्रथमच. तेव्हांही तिच्या जागीं पडद्यावरची शर्यत झाली, आणि ती फॉर्म्युला वनचेच चालक जॉर्ज रसेल यांनीं जिंकली. चित्र आणि वस्तु यांच्यामध्यें अशी ये-जा सुरू झाल्यावर ‘खोटा खेळ’ हा शब्द जपूनच वापरला पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मोनॅकोच्या रस्त्यावर शर्यतीची गाडी चालविण्याचा योग येणार नाहीं. मोटारशर्यत हा धनिकांचा खेळ आहे, आणि मध्यम स्थितींतल्या घरांतला मुलगा त्याकडे दुरूनच पाहत आला. त्याच्या टेबलाशीं आतां एक चाक आलें आहे. त्या चाकानें त्यास वीर केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण दहा फेऱ्या एकसारख्या काढण्याची चिकाटी, घाईनें वेळ जातो हें घड्याळानें पटविलेलें सत्य, आणि झालेली चूक पुसून न टाकतां पुढचें वळण नीट घेण्याची संवय, एवढें जरी त्यास यांतून मिळालें, तरी त्याच्या रात्री फुकट गेल्या असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. अट एवढीच, कीं काळ मागें नेणारी ती कळ त्यानें बंद ठेवावी.